लुटुपुटीचें कर्तव्य

मुलें भातुकली मांडतात तेव्हां त्यांच्या खेळांतील भात खोटा असतो, चूल खोटी असते, आणि पंक्तीस बसलेले पाहुणेहि बहुधा बाहुलेच असतात. परंतु पाहुण्यांस वाढल्यावांचून यजमानिणीनें जेवूं नये हा नियम मात्र खरा असतो. तो मोडणाऱ्या मुलीस तिच्या मैत्रिणी खेळांतून काढून टाकतात, आणि त्या निवाड्यावर कोणाचेंहि अपील चालत नाहीं. खोट्या वस्तूंच्या या मेळाव्यांत हा एक खरा नियम कोठून आला? आणि जी गोष्ट आपण करमणुकीच्या खात्यांत जमा करितों तींत कर्तव्याचा प्रवेश व्हावा कीं नाहीं? प्रश्न वरवर पाहतां पोरकट वाटला तरी नीतीच्या दृष्टीनें तो क्षुल्लक नाहीं. आज त्याचा विचार आम्ही अशा एका खेळाच्या आधारानें करूं इच्छितों, कीं ज्यांत दिवसभर कचेरींत किंवा कारखान्यांत राबून आलेलीं प्रौढ माणसें संध्याकाळीं एकत्र जमतात आणि आपण होऊन पुन्हा नवें काम अंगावर घेतात. तो खेळ म्हणजे घरगुती लघुरेल्वे चालविण्याचा.

या खेळाची ओळख आपल्याकडील सर्वच वाचकांस नसावी. म्हणून त्याचें थोडें वर्णन करणें अवश्य आहे. अमेरिकेंत व इंग्लंडांत हा छंद विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत मध्यमवर्गीय घरांतून रुजला. तळघर, माळा किंवा मोटार ठेवण्याची खोली अशी एखादी जागा धरून तेथें लाकडी चौकटीवर रूळ अंथरावयाचे, प्लॅस्टरचे डोंगर उभारावयाचे, पूल, बोगदे, स्टेशनें, गिरण्या रचावयाच्या, आणि विजेवर चालणारीं इवलालीं इंजिनें त्यांतून धांववावयाचीं, असें त्याचें स्वरूप. आरंभीं निरनिराळ्या कारखान्यांचीं चाकें व रूळ एकमेकांशीं जुळत नसत. म्हणून १९३५ सालीं मिल्वॉकी शहरीं या छंदाच्या उपासकांनीं आपला राष्ट्रीय संघ स्थापिला आणि रुळांतील अंतर, चाकांची कड इत्यादि मापें एकमतानें ठरविण्याचें काम हातीं घेतलें. एकाच्या घरचा डबा दुसऱ्याच्या घरच्या रुळावर अडखळूं नये, एवढाच त्या कराराचा हेतु. सर्वांत लोकप्रिय ठरलेल्या प्रमाणांत खऱ्या वस्तूच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाइतकी प्रतिकृति करितात. म्हणजे ४० फूट लांबीची मालाची वाघीण साडेपांच इंचांची होते आणि सहज मुठींत धरतां येते.

वर्षानुवर्षें खपून असें एक गांव, एक घाट, एक यार्ड उभें राहतें. मग प्रश्न येतो, पुढें काय? गाडी सुटते, बोगद्यांत शिरते, पुलावरून जाते, आणि घाण्याच्या बैलाप्रमाणें फिरून जेथल्या तेथें येते. पहिल्या दिवशीं घरचीं मुलें टाळ्या वाजवितात; महिन्यानें तीं तिकडे फिरकत नाहींत; आणि वर्षानें खुद्द मालकहि त्या खोलींतला दिवा लावीनासा होतो. केवळ पाहण्यासाठीं मांडलेली लघुरेल्वे कमी दर्जाची असें आम्ही म्हणत नाहीं. पुण्यांत १९९८ सालीं उघडलेलें जोशी यांचें लघुरेल्वेचें संग्रहालय ज्या कुटुंबांनीं पाहिलें आहे, त्यांस अशा देखाव्यांतील आनंद ठाऊक आहे. परंतु तेथें आपण प्रेक्षक म्हणून जातों आणि तृप्त होऊन परत येतों. घरीं रोज स्वतःच प्रेक्षक होऊन स्वतःचाच देखावा पाहत बसणें मनुष्यास फार काळ मानवत नाहीं. यावर तिकडील जाणत्या छंदिष्टांनीं जो उपाय काढला तो असा, कीं रेल्वे नुसती पाहूं नये, ती चालवावी. आणि चालवावयाची तर खऱ्या रेल्वेप्रमाणें एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणीं, कांहीं कारणासाठीं, आणि चारचौघांनीं मिळून चालवावी. अशा प्रसंगास आपण वाहतुकीची बैठक म्हणूं.

न्यू ऑर्लीन्सच्या फ्रँक एलिसन यानें १९४४ सालीं 'मॉडेल रेलरोडर' मासिकांत लिहिलेल्या लेखमालेंत या कल्पनेस नाटकाची उपमा दिली. रूळ ही रंगभूमि, डोंगर व घरें हे पडदे, गाड्या हे नट, आणि वेळापत्रक हें संविधानक, असा तिचा आशय होता. उपमा सुरेख आहे, आणि नाटकाच्या वेडावर पोसलेल्या आपल्या समाजास ती चटकन् पटेल. तथापि तींत एक उणीव राहते. नाटकाचा शेवट काय होणार हें नटास आधींच ठाऊक असतें. तें ठाऊक नसल्याचें तो सोंग करितो. वाहतुकीच्या बैठकींत शेवट कोणासच ठाऊक नसतो. नऊची मालगाडी वेळेवर पोंचेल कीं फाट्यावर अडकून पडेल, हें तेथें जमलेलीं सहा माणसें आपापलें काम कसें करितात यावर ठरतें. नाटकांतील जबाबदारी कवीनें वांटून दिलेली असते. येथली प्रत्येकानें त्या क्षणीं उचलावयाची असते.

बैठकीची रीत साधारणतः अशी. प्रत्येक वाघिणीचें एक कार्ड असतें. त्या कार्डाच्या खिशांत बिल्टी असते, आणि अमुक गिरणींतून निघालेलें पीठ अमुक गांवच्या वखारींत पोंचवावें असें तींत लिहिलेलें असतें. डग स्मिथ यानें १९६१ सालीं प्रसिद्ध केलेली ही कार्डांची युक्ति पुढें घरोघर पसरली. ओहायो संस्थानांतील अ‍ॅलन मॅक्लेलंड यानें आपली रेल्वे तळघराच्या भिंतीशीं संपत नाहीं, ती पलीकडच्या मोठ्या जाळ्याचा एक तुकडा आहे, असें मानून ती चालविण्याचा परिपाठ लोकप्रिय केला. त्यामुळें मालास कोठून तरी येणें आणि कोठें तरी जाणें प्राप्त झालें. एका गाडीवर बहुधा दोघे असतात, एक ड्रायव्हर व एक गार्ड. यार्डांत एकजण वाघिणी निवडून गाड्या रचीत असतो. आणि सर्व गाड्यांची हालचाल ठरविणारा अधिकारी, ज्यास अमेरिकन लोक डिस्पॅचर म्हणतात, तो दुसऱ्या खोलींत बसतो. त्यास एकहि गाडी दिसत नाहीं. टेलिफोनवरून स्टेशनास्टेशनांतून जें कळेल तें तो कागदावर मांडतो आणि त्यावरून हुकूम देतो. हुकूम घेणारा तो लिहून घेतो आणि शब्दशः परत वाचून दाखवितो. दोनतीन तास हें सारें चालतें. वाघिणींत चिमूटभरहि पीठ नसतें.

या सर्व सामग्रींत अधिक विचार करण्यासारखी वस्तु म्हणजे भिंतीवरचें घड्याळ. वर सांगितलेल्या प्रमाणांत एक मैल सुमारें ६० फुटांचा होतो. म्हणजे ३० मैलांवरच्या गांवास जाण्यासाठीं १८०० फूट रूळ हवा. आणि इतकें मोठें तळघर कोणा गृहस्थापाशीं असणार? म्हणून गांवें जवळ आणावीं लागतात. आणि गांवें जवळ आणलीं कीं तासाभराचा प्रवास दोन मिनिटांत संपूं लागतो. यासाठीं घड्याळ मुद्दाम जलद चालवितात; खऱ्या एका तासांत तें तीन, चार किंवा त्याहूनहि अधिक तास पुढें जातें. अंतर खोटें म्हणून काळहि खोटा. परंतु या दोन खोट्यांचें एकमेकांशीं जें नातें जडतें तें बरेंचसें खरें असतें. बरेंचसें म्हणण्याचें कारण असें, कीं सांधा बदलून वाघीण जोडण्यास जो वेळ लागतो तो घड्याळ पळविल्यानें कमी होत नाहीं. धांवत्या गाडीच्या ड्रायव्हरास जें घड्याळ योग्य वाटतें तेंच शंटिंग करणाऱ्याच्या छातींत धडकी भरवितें. म्हणून सुज्ञ मालक तें बेतानें पळवितो. सर्व गोष्टी एकाच वेळीं खऱ्या करतां येत नाहींत, काय खरें ठेवावयाचें याची निवड करावी लागते, हा यथार्थतेचा पहिला धडा त्या घड्याळानें शिकविला आहे.

मग काय खरें ठेवावें? पुष्कळांचा कल रूपाकडे असतो. इंजिनावरचे खिळे मोजून तितकेच बसवावे, डब्यावरील रंग त्या त्या सालचाच असावा, याविषयीं तासन् तास वाद करणारे लोक या छंदांत आहेत, आणि त्यांच्या चिकाटीविषयीं आम्हांस आदर आहे. परंतु यथार्थतेचें मर्म आम्हांस दुसरीकडे दिसतें. जुन्या अमेरिकन पद्धतींत एकेरी मार्गावर समोरासमोरून येणाऱ्या दोन गाड्यांपैकीं श्रेष्ठ कोणती व कनिष्ठ कोणती हें वेळापत्रकावरून ठरत असे. कनिष्ठ गाडीनें श्रेष्ठ गाडीच्या वेळेपूर्वींच बाजूच्या रुळावर जाऊन उभें राहावें, आणि ती येऊन जाईपर्यंत किंवा डिस्पॅचरचा नवा लेखी हुकूम मिळेपर्यंत तेथून हलूं नये, असा दंडक होता. खऱ्या ड्रायव्हरापुढें डोंगर असे, रात्र असे, धुकें असे. पलीकडे काय आहे तें त्यास कळण्याचा मार्गच नसे. खेळांतील ड्रायव्हरानें मात्र नुसती मान वर केली तर सबंध मार्ग त्याच्या दृष्टीच्या टप्प्यांत येतो. श्रेष्ठ गाडी अजून आपल्या स्टेशनांतच उभी आहे, तिचा गार्ड कॉफी पीत गप्पा मारीत आहे, हें त्यास ढळढळीत दिसतें. मार्ग मोकळा आहे. निघालें तर कोणास इजा होणार नाहीं. तरी तो थांबतो. जें डोळ्यांस दिसतें तें आपणांस ठाऊक नाहीं, असें तो स्वतःशीं ठरवितो. आमच्या मतें येथेंच सोंग संपून व्रत सुरू होतें.

या व्रताची कसोटी पाहणारा एक मोह नेहमीं हाताशींच असतो, आणि हा शब्द आम्ही अक्षरशः योजितों. वाफेच्या इंजिनांचें वर्गीकरण पुढचीं, मधलीं व मागचीं चाकें किती यावरून तीन आंकड्यांत करण्याचा प्रघात आहे. त्या धर्तीवर, रुळावरची वाघीण बोटांनीं उचलून हवी तेथें ठेवणाऱ्या हातास अमेरिकन छंदिष्ट थट्टेनें 'शून्य-पांच-शून्य' जातीचें इंजिन म्हणतात. त्या पांच बोटांच्या इंजिनास या सृष्टींत अशक्य असें कांहीं नाहीं. तें डोंगर ओलांडतें, सांध्याची वाट पाहत नाहीं, आणि वीस मिनिटांचें शंटिंग दोन सेकंदांत उरकतें. आणि ज्या क्षणीं तें धांवूं लागतें त्या क्षणीं डोंगर प्लॅस्टरचा होतो, नदी रंगाची होते, आणि डिस्पॅचरच्या कागदावरील सर्व नोंदी निरर्थक होतात. आपल्या तत्त्वज्ञांनीं सृष्टीस ईश्वराची लीला म्हटलें आहे. त्या शब्दाचा शास्त्रार्थ पंडितांनीं करावा. आम्हांस त्यांतील एवढेंच सुचवावयाचें आहे, कीं सर्वसमर्थानें खेळावयाचें म्हटलें तर त्यास आधीं आपलें सामर्थ्य नियमांत कोंडून घ्यावें लागतें. तळघरांतील त्या लहानशा जगांत प्रत्येक खेळाडूचें स्थान असेंच आहे. घालूं शकणारा हात आवरून धरणें, आणि तोहि पलीकडच्या स्टेशनांत आपल्या शब्दावर विसंबून उभ्या असलेल्या दुसऱ्या माणसासाठीं आवरून धरणें, ही त्या खेळांतील यथार्थता होय. बाकी सारें रंगकाम आहे.

यावर कोणी म्हणेल, दिवसभर वरिष्ठांचे हुकूम झेलून आलेल्या गृहस्थानें संध्याकाळीं पुन्हा हुकूम कां घ्यावे? खेळ म्हणजे मोकळीक. तींत वेळापत्रक आणलें कीं खेळाची चाकरी झाली. आक्षेप वजनदार आहे. परंतु मोकळीक आणि नियमहीनता या एकच नव्हत. डच इतिहासकार योहान हुयझिंगा यानें 'होमो लुडेन्स' या १९३८ सालच्या ग्रंथांत एक मार्मिक निरीक्षण नोंदविलें आहे. खेळांत लबाडी करणाऱ्यास लोक जितक्या सहज क्षमा करितात तितक्या सहज खेळ मोडणाऱ्यास करीत नाहींत. कारण लबाड मनुष्य निदान नियम मानल्याचें नाटक तरी करितो, पण खेळ मोडणारा तें सारें जगच खोटें ठरवून टाकतो. विटीदांडूपासून बुद्धिबळापर्यंत हाच अनुभव आहे. शिवाय कचेरींतला हुकूम आणि येथला हुकूम यांत मोठें अंतर आहे. कचेरींत आपण लिहिलेला कागद कोठें जातो, त्यानें कोणाचें काय साधतें, हें कारकुनास पुष्कळदां आयुष्यभर कळत नाहीं. येथें आपण पाळलेल्या हुकुमाचें फळ पांच मिनिटांत डोळ्यांपुढून निघून जातें. समोरची गाडी न थांबतां पार होते आणि तिचा ड्रायव्हर मान डोलावून आभार मानतो. काम नको असतें म्हणून मनुष्य कामास कंटाळतो, हें अर्धेंच सत्य आहे. आपल्या कामाची कोणास तरी गरज आहे हें दिसेनासें झालें म्हणजेहि तो कंटाळतो. आणि तेवढें दिसावें म्हणून तो संध्याकाळीं दुसऱ्याच्या तळघरांत पीठ नसलेली वाघीण ढकलीत उभा राहतो.

परंतु या उत्तरांतूनच दुसरी जबाबदारी निघते, आणि ती घराच्या मालकावर पडते. या नियमांचा आधार स्वेच्छा हा आहे; तेव्हां ते सक्तीनें पाळवूं गेल्यास आधारच नाहींसा होतो. असे मालक असतात, कीं ज्यांस यथार्थतेचें वेड लागून ते शेंकडों कलमांचें नियमपुस्तक पाहुण्यांच्या हातीं देतात, पाहुण्याच्या खांद्यावरून डोकावून त्याच्या चुका मोजतात, आणि गाडी घसरली तर चारचौघांत त्याचा पाणउतारा करितात. पाहुणे सभ्यपणें रात्र काढतात आणि पुढच्या खेपेस त्यांच्या घरीं कोणी तरी आजारी पडतें. मग मालक म्हणतो, लोकांस शिस्त नको आहे. खरें पाहतां लोकांनीं शिस्त नाकारलेली नसते; एकानें सर्वांस बांधावें आणि स्वतः मोकळें राहावें, ही व्यवस्था त्यांनीं नाकारलेली असते. समर्थ रामदासांनीं बोलण्याआधीं आचरणाचा जो आग्रह धरला तो मठाइतकाच या तळघरासहि लागू आहे.

तर मग यथार्थ वाहतुकीस उत्तेजन द्यावयाचें कसें? याचें उत्तर आम्हांस असें दिसतें, कीं मालकानें पाहुण्यांस नियम सांगण्यापूर्वीं स्वतःस घालून घ्यावे. रूळ व चाकें निर्दोष ठेवणें हा पहिला. जी गाडी दर वळणावर घसरते तिच्या ड्रायव्हरास वेळापत्रकावर श्रद्धा ठेवा असें कोणत्या तोंडानें सांगावें? गाडी घसरली तर दोष प्रथम आपल्या रुळाचा मानावा, आणि ती वाघीण चिठ्ठी लावून बाजूस काढावी. दुसरा नियम, स्टेशनें, सांधे, गिरण्या यांवर ठसठशीत नांवें असावींत. कारण मालकास सारें पाठ असतें, पण पाहुण्यास प्रत्येक गोष्ट विचारावी लागली म्हणजे तो लाजतो आणि लाजला कीं तो शिकत नाहीं. तिसरा, नवख्यास पहिल्या रात्रीं घड्याळाच्या दावणीस बांधूं नये. त्यास एक लहान गाडी, एक जाणता सोबती, आणि हवा तितका वेळ द्यावा. चौथा, नियम थोडे असावेत, आणि प्रत्येकाचें कारण सांगतां आलें पाहिजे. ज्याचें कारण सांगतां येत नाहीं तो नियम केवळ मालकाची हौस असते. पांचवा, मालकानें डिस्पॅचरची खुर्ची शक्यतोंवर दुसऱ्यास द्यावी. आणि सहावा, ज्यास नुसतें बघत बसावयाचें असेल त्यास तसें बसूं द्यावें. त्याचा तो हक्क शाबूत असेल तरच उद्यां तो आपण होऊन कार्ड हातीं घेईल.

यांतील पांचवा नियम सर्वांत कठीण आहे. ज्यानें दहावीस वर्षें रात्रींच्या रात्री जागून तो डोंगर उभारला, त्यानें आपली गाडी कोणी तरी वाकडी चालवीत असतां स्वस्थ बसावें, ही साधी गोष्ट नव्हे. कॅलिफोर्नियांतील माँटेरे येथला जॉन अ‍ॅलन हा या छंदांतील अग्रगण्य कलावंत. त्याच्या रेल्वेचें नांव उच्चारतां 'रक्तबंबाळ व पराभूत' असा अर्थ कानीं पडे, इतका तो विनोदी होता. त्याचे जमिनीपासून छतापर्यंत चढत गेलेले पर्वत पाहून कोणीहि म्हणावें, कीं यांस कांचेंत ठेवा. पण त्यानें ती रेल्वे मित्रांच्या हातीं दिली. ते नियमानें जमत आणि जलद घड्याळावर गाड्या चालवीत. १९७३ सालच्या जानेवारींत अ‍ॅलन वारला, आणि अवघ्या थोड्या दिवसांनीं आग लागून ती सारी सृष्टि नष्ट झाली. जें हातानें केलें होतें तें गेलें. जें दुसऱ्यांच्या हातीं दिलें होतें, म्हणजे मिळून गाड्या चालविण्याची ती रीत, ती इतरांच्या घरीं चालूं राहिली. मालकी आणि वारसा यांतील भेद याहून स्पष्ट करणारें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

आतां एक अधिक गंभीर आक्षेप राहतो. ज्या कामाची ही नक्कल, तें काम खरोखरीचें करणाऱ्यांनीं त्यासाठीं रक्त सांडलें आहे. अमेरिकेंत १८९३ सालीं कायदा होऊन पुढें स्वयंचलित जोडणी व हवेचे ब्रेक सक्तीचे झाले. त्यापूर्वीं दोन वाघिणींच्या मध्यें उभें राहून कडी व खिळा हातानें बसवितांना बोटें गमावलेले कामगार रेल्वेच्या प्रत्येक यार्डांत दिसत, आणि जीव गमावलेले तर दिसण्यापलीकडे गेलेले असत. १८ एप्रिल १८९१ रोजीं ओहायोमधील किप्टन येथें टपालगाडी व उतारूंची गाडी समोरासमोर आदळल्या; मध्येंच थांबून पुन्हा चालूं लागलेल्या एका घड्याळाचा चार मिनिटांचा फरक त्यास कारण झाला, असें सांगतात. त्या दुःखाचा खेळ करावा काय? ज्यांत कोणी मरत नाहीं अशी टक्कर करून हंसणें ही त्या मृतांची विटंबना नव्हे काय?

हा आक्षेप झटकून टाकणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. खेळानें दुःख शिकवितां येत नाहीं, आणि चार रात्री घड्याळ पाहून गाडी चालविणाऱ्यानें आपण रेल्वेवाले झालों असें मानणें हा उद्धटपणा होय. कित्येक बैठकींत निवृत्त रेल्वे-कर्मचारी येऊन बसतात. त्यांच्यासमोर बढाई मारण्याची सोय नसते, हें फार चांगलें. परंतु दुःख जरी शिकवितां आलें नाहीं तरी त्या दुःखांतून निघालेल्या नियमांचें कारण मात्र खेळानें समजतें. हुकूम परत वाचून दाखवावयाचा कशासाठीं, हें ज्यानें स्वतः 'सात' च्या जागीं 'नऊ' ऐकून दोन गाड्या तोंडाशीं आणल्या आहेत त्यास व्याख्यानाची गरज राहत नाहीं. अशा वेळीं चांगला यजमान हंसत नाहीं आणि रागावतहि नाहीं. तो गाड्या थांबवितो, हुकुमाचे दोन्ही कागद जवळजवळ ठेवितो, आणि शब्द कोठें बदलला तें सर्वांनीं मिळून पाहावें असें सुचवितो. कोणाची चूक हा प्रश्न तेथें मागें पडतो आणि चूक कशी झाली हा पुढें येतो. आमच्या न्यायसभांस व कुटुंबांसहि ही संवय लागली तर बरें होईल.

राहतां राहिली एक शंका. माणसें इतकीं चुकतात, येण्याचें टाळतात, कॉफी पीत बसतात. मग त्यांच्या जागीं यंत्र कां नको? इंग्लंडांतील पीटर डेनी या पाद्र्यानें आपल्या घरीं 'बकिंगहॅम' नांवाची सुप्रसिद्ध लघुरेल्वे उभारली होती. तेथें खऱ्या रेल्वेप्रमाणें स्टेशनास्टेशनांत घंटांचे संकेत चालत, आणि त्याचा मुलगा क्रिस्पिन एक जागा सांभाळीत असे. पुढें त्याच्या जागेचें काम करण्यासाठीं बापानें एक यंत्र बनविलें आणि त्यास 'ऑटोमॅटिक क्रिस्पिन' असें नांव दिलें. हल्लीं तर गणकयंत्रें सबंध रेल्वे बिनचूक चालवूं शकतात. परंतु त्या बापानें यंत्रास मुलाचें नांव द्यावें यांतच सारें आलें. घंटेस उत्तर देणें यंत्रास साधतें. उतावीळ होणें त्यास साधत नाहीं. आणि ज्यास उतावीळपणाच नाहीं त्याच्या थांबण्याचें मोल काय? निघण्याची इच्छा असून जो थांबला त्याच्याच थांबण्यावर दुसऱ्यास विश्वास ठेवतां येतो. यंत्राच्या बाबतींत आपण फक्त खात्री बाळगतों.

विश्वास आणि खात्री यांतील हाच भेद संसारांतहि पदोपदीं येतो. बाप मुलास वेळेचें महत्त्व सांगतो आणि स्वतः जेवणास सर्वांना ताटकळत ठेवितो. मंडळाचा अध्यक्ष सभासदांकडून नियम पाळवून घेतो आणि आपल्यापुरती सवलत राखून ठेवितो. सत्ता ज्याच्या हातीं आहे त्यानेंच प्रथम हात आवरावा, मग इतरांस सांगण्याची बहुधा गरजच उरत नाहीं, हें तत्त्व आम्ही मोठमोठ्या ग्रंथांत वाचतों आणि तेथेंच ठेवितों. तें पाळून पाहण्यास जीवितहानीची भीति नसलेली, चूक झाली तर पुन्हा मांडतां येणारी जागा फार थोडी असते. भातुकली ही तशी एक जागा आहे, आणि कांहीं घरांत तळघर ही दुसरी.

या खेळावर गीतेंतील निष्काम कर्मयोगाचा भार लादण्याची आमची इच्छा नाहीं. तितकें ओझें साडेपांच इंचांच्या वाघिणीस पेलणार नाहीं. तिच्यांत पीठ नाहीं, ती ज्या वखारींत जावयाची ती पुठ्ठ्याची आहे, आणि ती न पोंचल्यास कोणाचेंहि पोट रिकामें राहणार नाहीं. तरी बिल्टीवर एका गांवाचें नांव लिहिलेलें आहे, आणि त्या गांवीं उभा असलेला मनुष्य खरा आहे. तो वाट पाहत आहे, एवढ्या कारणासाठीं ती तेथें वेळेवर नेऊन ठेवावी.